आठव्या दिवसाची अळी

दिवाळी सरून पंधरा-वीस दिवस झाले की लातूरच्या भोवतालची तूर फुलायला लागते. सोयाबीन कधीच निघालेलं असतं. त्याची रानं उघडी, काळी पडलेली असतात आणि त्यांच्यामधून तुरीच्या ओळी तेवढ्या पिवळ्या होऊन उभ्या असतात. कॉलेजला जाताना वस्ती मागे पडली की मी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावते आणि एखादी फांदी हातात धरते. पाहणाऱ्याला वाटावं, बाई फुलं बघतायत. मी कळीच्या देठाशी खसखशीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका शोधत असते. ते शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीचं अंडं. सापडलं तरी मला काही करायचं नसतं, शेत माझं नाही. फांदी सोडते आणि तासाला जाते.

यंदा अशाच एका सकाळी तासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, प्रथिनाचा आकार आता कम्प्युटरच काढून देतो. मग अळ्या कशाला पाळायच्या?"

प्रश्न वाजवी होता. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. पेशीत ती आपोआप दुमडते, गुंडाळली जाते, तिला एक ठरलेला आकार येतो आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. मण्यांचा क्रम दिला की आकार कसा होईल हे संगणक आता चहा गार व्हायच्या आत सांगतो. मी त्या मुलीला पुस्तकातलं उत्तर दिलं. तिने ते लिहूनही घेतलं. पण दिवसभर मला नांदेडचा एक हंगाम आठवत राहिला.

तेव्हा मी नांदेडच्या एका कॉलेजातल्या छोट्या संशोधन केंद्रात पीएचडी करत होते. दोन खोल्या. एकीत संगणक आणि दुसरीत अळ्या. पांचाळ सर माझे मार्गदर्शक. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांकडची यंत्रं मागून-मागून काम केलं होतं. त्याबद्दल ते कधी तक्रार करत नसत. फक्त एखादं यंत्र आमचं स्वतःचं असलं तर ते रोज सकाळी रुमालाने पुसत.

अळ्यांच्या खोलीचा वास अजून नाकात आहे. अळीचं खाणं हरभऱ्याच्या पिठाचं करतात. पीठ शिजवायचं, त्यात यीस्ट आणि जीवनसत्त्वं घालायची, थापून वड्या पाडायच्या. पिठल्याचाच वास, पण त्याला खाली एक आंबूस धार. अळ्या एकत्र ठेवता येत नाहीत, एकमेकींना खातात. म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी. कपाटभर डब्या, प्रत्येक डबीत एक अळी, एक वडी आणि झाकणावर माझ्या अक्षरात एक आकडा. कान देऊन ऐकलं तर त्या कपाटातून काहीच ऐकू येत नसे. तरी मी ऐकत असे.

ज्या प्रथिनावर मी काम करत होते ते मात्र मामीच्या गोठ्यामागून आलं होतं.

माझं आजोळ कंधारजवळ. बालाजीमामा एसटीत कंडक्टर, त्यामुळे शेत मंगलमामीच बघायची. आदल्या वर्षी येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, मी तिकडे गेले होते. त्या दिवशी आमच्याकडे सगळा गाव रानात जेवतो. गोठ्याच्या मागे दहा-बारा तुरीची झाडं होती, माणसापेक्षा उंच. शेंगांवर जांभळट रेघा. शेतातल्या इतर तुरीच्या शेंगांना भोकं पडलेली आणि या झाडांची एकही शेंग किडकी नाही.

"ही माझ्या माहेरची, देगलूरकडची," मामी म्हणाली. "हिला अळी शिवत न्हाई. लई वर्षं बगून राहिले."

मी ओंजळभर दाणे रुमालात बांधून नांदेडला आणले. तुरीच्या दाण्यात, तसं बहुतेक सगळ्याच डाळींच्या दाण्यांत, एक प्रथिन असतं. खाणाऱ्याच्या पोटातल्या पाचकरसात जाऊन बसतं आणि तो रस बंद पाडतं. कच्ची डाळ खाल्ली की आपलं पोट दुखतं, त्यात याचाही हात असतो. आपण डाळ शिजवतो आणि सुटतो. अळी कच्चं खाते. मामीच्या तुरीत हे प्रथिन जास्त असेल किंवा वेगळं असेल, असा माझा अंदाज होता.

दाणे भिजवून वाटले, गाळले, यंत्रात फिरवले, त्यातून प्रथिन वेगळं केलं. अळीच्या आतड्यातल्या रसाचा एक थेंब एक्स-रेच्या कोऱ्या फिल्मवर टाकला की फिल्मवरचा जिलेटिनचा थर विरघळतो आणि तिथे स्वच्छ गोल डाग पडतो. बाजारच्या तुरीचं प्रथिन मिसळलं तेव्हा डाग फिकट पडला. मामीच्या तुरीचं मिसळलं तेव्हा पडलाच नाही. सरांनी फिल्म खिडकीशी धरली, भिंग लावून पाहिलं, आणि माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "पुन्हा करा." मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. डाग पडला नाही.

त्यानंतरचे महिने संगणकाच्या खोलीत गेले. आताच्यासारखी सोय तेव्हा नव्हती. ज्याचा आकार आधीच माहीत आहे अशा जवळच्या प्रथिनावर आपलं प्रथिन बेतावं लागे. शिंपी मापाच्या ब्लाऊजवरून नवीन बेततो, तसं. मी सोयाबीनच्या प्रथिनावर मामीच्या तुरीचं प्रथिन बेतलं. मग अळीच्या पाचकरसातलं एक प्रथिन घेतलं आणि पडद्यावर दोन्ही एकमेकांजवळ आणली. ती बसली. इतकी घट्ट बसली की मी खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ नुसती बघत राहिले. निळं आणि नारिंगी. मी सुंदर गोष्टी फारशा पाहिलेल्या नाहीत, पण ती एक होती.

मृग लागायच्या सुमाराला मी कंधारला गेले, तेव्हा ती फिल्म सोबत नेली. मामीने विचारलंच, "काय निगालं गं माझ्या तुरीतून?"

मी फिल्म उन्हात धरली. हा डाग बाजारच्या तुरीचा, आणि हे बघ, इथे तुझी. काहीच नाही.

"म्हंजी?"

"म्हणजे अळीचं पोट बंद पाडणारं औषध तुझ्या तुरीत आतच आहे."

मामीने फिल्म स्वतःच्या हातात घेतली. उन्हात धरली, फिरवली, पुन्हा धरली. "मग आता येक एकर हीच टाकते," ती म्हणाली. गेल्या साली तिने त्या झाडांचे सगळे दाणे गाडग्यात राख घालून ठेवले होते. मी नको म्हणाले नाही. मला आनंदच झाला, हे आता मला तटस्थपणे सांगता येतं. इतके महिने डब्यांवर आकडे लिहिणाऱ्या माणसाचं कोणी तरी ऐकलं होतं.

पुढचा पाऊस बरा झाला. मामा फोनवर सांगायचा, तूर डोक्याच्या वर गेली, आत शिरलं की माणूस दिसत नाही. इकडे आमच्याकडे शेवटचा प्रयोग राहिला होता. आतापर्यंत सगळं थेंबावर आणि पडद्यावर झालं होतं, आता जिवंत अळीला ते प्रथिन खाऊ घालायचं होतं. दिवाळी झाल्यावर मी अर्ध्या डब्यांत साध्या वड्या ठेवल्या आणि अर्ध्या डब्यांत मामीच्या तुरीचं प्रथिन घातलेल्या. रोज सकाळी प्रत्येक अळी चिमट्याने उचलून तोलायची आणि वहीत लिहायची.

चार दिवस सगळं ठरल्यासारखं झालं. प्रथिनाच्या डब्यांतल्या अळ्या खुरटलेल्या, सुस्त, वडीच्या कडेला नुसत्या पडून. साध्या डब्यांतल्या दुपटीने वाढलेल्या. सर रोज येऊन वही बघत आणि वहीच्या पानावर हलकेच हात फिरवत.

पाचव्या दिवशी प्रथिनाच्या डबीतल्या एका अळीने वडीला भोक पाडलं होतं. सहाव्या दिवशी बऱ्याच जणींनी. आठव्या दिवशी मी झाकणांवरचे आकडे झाकून डब्या बघितल्या, तर कुठली अळी कुठल्या गटातली ते मला ओळखता येईना.

आता याचं कारण मी वर्गात दहा मिनिटांत शिकवते. अळीकडे एकच पाचकरस नसतो. बऱ्याच तऱ्हेचे असतात. एक बंद पडला की ती दुसरा करायला लागते, ज्याचा आकार थोडा वेगळा असतो आणि ज्यात आपलं प्रथिन बसत नाही. त्या बदलाला तिला चार-पाच दिवस लागतात. मी पडद्यावर तिचा एकच रस घेऊन बसले होते. बसवलेलं चूक नव्हतं. अळीला मात्र दुसरा रस करता येत होता, आणि ते मला पडद्यावर दिसणारच नव्हतं.

नेमकं सहाव्या दिवशी दुपारी मामीचा फोन आला होता.

"स्वाती, शेंगांत अळी दिसून राहिली गं. अर्दी आत, अर्दी भायेर. फवारू का?"

माझ्यासमोर उघडी डबी होती. त्यात ती अळी खात होती. मी म्हणाले, "थोड्या असतील मामी. थांब जरा. चार दिवस बघ."

"तू म्हणतीस तर थांबते. आतून औषद हाय म्हणल्यावर वरून कशाला."

थांब असं मी का म्हणाले याचा विचार मी नंतर पुष्कळ केला आहे. खोटं बोलायचं होतं असं नाही. एका खेपेत काही तरी बिनसलं असेल, पुन्हा करून बघू, मग सांगू, असं मनात होतं. प्रयोगशाळेत ती योग्यच रीत असते. पण प्रयोग पुन्हा करायला दहा दिवस लागतात आणि शेंगा पोखरायला अळीला तेवढे लागत नाहीत. दुसऱ्या खेपेतही आठव्या दिवशी तेच झालं. तोवर मामीच्या एका एकरात फवारायला काही राहिलं नव्हतं.

मी सरांना दोन्ही वह्या दाखवल्या. त्यांनी दोन्हींची पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

"चौथ्या दिवसापर्यंतचे आकडे दोन्ही वेळा तेच आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग प्रयोग चार दिवसांचा होता असं लिहा. चार दिवसांचा प्रयोग हाही प्रयोगच असतो. त्यात खोटं काही नाही."

खरंच नव्हतं. मी चार दिवसांचा आलेख काढला. दोन रेषा, एक वर जाणारी, एक जमिनीला धरून सरकणारी. फार छान दिसत होता. आठ दिवसांचाही काढला, त्यात खालची रेष मध्येच उठून वरच्या रेषेला जाऊन मिळत होती. दोन्ही संगणकात ठेवले, वेगवेगळ्या नावांनी, आणि पुढचे अकरा दिवस मी शोधनिबंधाची बाकीची पानं लिहीत राहिले. सर विचारत नव्हते, मी सांगत नव्हते. या अकरा दिवसांत मी मामीलाही फोन केला नाही.

मग येळवस आली. सरांनी जूनमध्येच फोनवर मामाला कबूल केलं होतं की येळवशीला तूर बघायला येतो. मामाने आदल्या दिवशी फोन करून आठवण करून दिली. "सर येत हायत ना? तुज्या मामीनं सैपाकाची तयारी केली हाय." आता नको म्हणता येईना.

आम्ही सकाळच्या गाडीने कंधारला उतरलो. मामा रजेवर होता, मोटारसायकल घेऊन आला आणि त्याने दोन खेपांत आम्हाला शेतात नेऊन सोडलं. थंडी होती आणि ऊन चांगलं कडक होतं. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, उभी केलेली, आत पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड. मामा रिवाजाप्रमाणे ताकातली आंबील शिंपडत, ओरडत शेताला फेरी घालून आला. दर वर्षीसारखंच ओरडला. त्या एकराच्या कडेने गेला तेव्हाही आवाज कमी केला नाही.

ते एकर बघायला सर एकटेच गेले. मी कोपीच्या सावलीत उभी राहून पाहत होते. ते तुरीत शिरले आणि दिसेनासे झाले. झाडं खरोखरच उंच होती, हिरवी होती. लांबून काहीच झालेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शेंगांनी भरलेली एक फांदी होती. प्रत्येक शेंगेला दाण्यागणिक एक गोल भोक. खिशातलं भिंग त्यांनी काढलं नव्हतं, त्याची गरजच नव्हती.

जेवायला बसलो. पत्रावळीवर बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगा-भाज्यांची मिसळ असलेली भज्जी, वर आंबील. भज्जीत ओल्या तुरीचे दाणे लागतात, त्यावाचून ती होत नाही. सरांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "छान झालीय."

"दाणे शेजारच्यांचे हायत," मामी म्हणाली. "त्यांनी फवारली हुती."

ती टोमणा मारत नव्हती. दाणे कुठले हे पाहुण्याला सांगावं, एवढंच. मग तिने सरांच्या पानात आणखी भज्जी वाढली आणि समोर बसली.

"सर, एक इचारू का? त्या काचंवर तर डाग पडला न्हवता. म्या माझ्या डोळ्यानं बगितलं. तुमच्याकडच्या अळ्या मेल्या का?"

मी खाली बघत होते. मला वाटलं, सर म्हणतील चार दिवस वाढ थांबली. ते खरं होतं आणि ते म्हणता आलं असतं.

सरांनी हातातला उंडा पानात ठेवला.

"नाही मेल्या. चार दिवस दबल्या. पाचव्या दिवसापासून खायला लागल्या. आठव्या दिवशी दुसऱ्या अळ्यांएवढ्याच झाल्या."

"कवाची गोष्ट ही?"

"महिना होत आला."

मामीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशेब जुळवताना माणूस बघतो तसं. फोन कधी केला होता, मी काय म्हणाले होते, ते तिच्या डोळ्यांत एकामागून एक लागत गेलेलं मला दिसलं.

"म्हंजी म्या फोन केला तवा तुला ठावं हुतं."

"हाव," मी म्हणाले. इतकी वर्षं शिकून शहरी झालेलं माझं बोलणं त्या एका शब्दात पुन्हा कंधारचं झालं.

मामाने तांब्या उचलून सगळ्यांच्या पेल्यांत पाणी घातलं. मग मामीच म्हणाली, "मग गोठ्यामागं काहून लागत न्हवती?"

तो प्रश्न ती आम्हाला विचारत नव्हती. ती उठली आणि गोठ्याकडे गेली, आम्हीही मागोमाग गेलो. तुरीच्या जागी यंदा घेवडा होता. खाली कोंबड्या उकरत होत्या. वर बाभळीवर साळुंक्यांचा कलकलाट. एक कोतवाल पक्षी फांदीवरून सुटला, त्याने हवेतच एक किडा टिपला आणि परत फांदीवर जाऊन बसला. आम्ही चौघं ते बघत उभे राहिलो.

"हे आमच्या लक्षात यायला हवं होतं," सर म्हणाले.

"माझ्या तरी कुटं आलं," मामी म्हणाली. "इतकी वर्षं शेंगाच बगून राहिले. वर बगितलंच न्हाई."

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. नांदेड जवळ आलं तसे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ दिवसांचा आलेख घाला." बस थांबली, आम्ही उतरलो, ते आपल्या रस्त्याने गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार दिवसांचा आलेख संगणकातून काढून टाकला.

त्याचे परिणाम जे व्हायचे ते झाले. शोधनिबंध नियतकालिकांकडून दोनदा परत आला. तुमचं प्रथिन चालत नाही तर छापायचं कशाला, असं एका परीक्षकाने नम्र शब्दांत विचारलं. सर निवृत्त झाले तेव्हा तो अजून कुठेच छापलेला नव्हता. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी त्यांना शाल दिली, ती त्यांनी घडी घालून टेबलावर ठेवली आणि यंत्र पुसायचा रुमाल मात्र खिशात टाकून नेला. नांदेडला जी जागा मला मिळेल असं सगळे म्हणत होते तिची मुदत माझ्या पदवीच्या आधी संपली आणि तिथे दुसरं कोणी तरी लागलं. मी लातूरला आले. इथे बरं चाललंय. मला नांदेडची हळहळ वाटते का, असं स्वतःला विचारते तेव्हा उत्तर कधी हो असतं, कधी नाही. तुरीच्या दिवसांत बहुधा हो असतं.

प्रबंधाला एक प्रकरण जास्तीचं जोडलं, अळीने कोणते नवे रस केले त्याचं. ते लिहिताना मला कळलं की चार दिवसांवर थांबले असते तर प्रबंधातली खरी माहिती ज्यात आहे ते प्रकरण लिहिलंच गेलं नसतं. पण ही समजूत नंतरची. त्या वेळी मी केलं ते फक्त एवढ्यासाठी की भज्जीच्या पानावर बसून सर जे बोलले होते त्याच्या उलट लिहिणं मला जमेना.

पदवी मिळाल्यावर बांधलेली एक प्रत घेऊन मी कंधारला गेले. मामीने हात पदराला पुसले आणि ती मांडीवर घेतली. इंग्रजी तिला येत नाही. पानं उलटत गेली, चित्रं बघत गेली. निळं-नारिंगी प्रथिन बघून म्हणाली, "हे कापसाच्या बोंडासारखं काय हाय?" मी सांगितलं. मग आलेखाचं पान आलं.

"हे?"

"ही साधं खाणाऱ्या अळ्यांची रेष. ही तुझी तूर खाणाऱ्यांची. इथे चौथा दिवस. आणि हा आठवा."

तिने खालच्या रेषेवर बोट ठेवलं आणि ते रेषेबरोबर हळूहळू नेत, जिथे ती वरच्या रेषेला मिळते तिथे थांबवलं.

"हितं तिनं खाल्ली."

"हो."

तिने बोट तिथून उचललं नाही.

"लिवलंस ते बेस केलंस," ती म्हणाली. "न्हाईतर आनखी कुनी तरी पेरली असती."